पाणी पाजणारा मलिक अंबर

मराठीत पाणी पाजणे म्हणजे तहानलेल्याची तहान भागवणे, आणि पाणी पाजणे म्हणजे शत्रूची खोड मोडणेही. हे दोन्ही अर्थ एकाच माणसाच्या आयुष्यात पाहायचे असतील तर मराठवाड्याबाहेर जायची गरज नाही. शाळेच्या पुस्तकात मलिक अंबर आपल्याला भेटतो तो दुसऱ्या अर्थाने. गनिमी काव्याने मोगलांना पाव शतक झुंजवणारा निजामशाहीचा वजीर, शहाजीराजे ज्याच्या बरोबरीने लढले तो सेनानी, एवढी त्याची ओळख परीक्षेतल्या दोन गुणांना पुरते. पहिल्या अर्थाने मात्र तो त्याने वसवलेल्या शहरातल्या लोकांनाही फारसा ठाऊक नसतो. आज आपण ज्याला छत्रपती संभाजीनगर म्हणतो, त्या शहराच्या पोटातून चारशे वर्षांपूर्वी त्याने पिण्याचे पाणी खेळवले. इथल्या जुन्या पिढीच्या तोंडी त्या योजनेचे नाव अजून आहे, नहर-ए-अंबरी.

हा माणूस जन्माने दख्खनचा नव्हे, हिंदुस्थानचाही नव्हे. सुमारे १५४८ साली आफ्रिकेतल्या इथिओपियात, म्हणजे आपल्याकडच्या जुन्या भाषेत हबसाणात, त्याचा जन्म झाला. मूळचे नाव चापू. मिसरूड फुटण्याच्या आत तो गुलामांच्या बाजारात उभा होता. येमेनमधले मोखा बंदर, पुढे बगदाद, असा तो हातोहात विकला गेला. बगदादच्या मीर कासिम नावाच्या धन्याने पोराची चमक ओळखली, त्याला मुसलमान करून लिहायला-वाचायला शिकवले आणि नाव दिले अंबर. त्या काळी गुलामांना सुगंधी वस्तूंची नावे देण्याची चाल होती. अंबर हे तसलेच एक मोलाचे सुगंधी द्रव्य.

बगदादहून तो दख्खनला आला आणि अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगेजखान याने त्याला विकत घेतले. हा चंगेजखान स्वतः हबशी, एके काळचा गुलाम. राज्यकारभार कसा चालतो, फौज कशी उभी राहते, सारा कसा वसूल होतो, हे सगळे अंबरने या घरात पाहिले. आणखी एक गोष्ट त्याच्या नजरेतून सुटली नसणार. ज्याला आता अहिल्यानगर म्हणतात त्या अहमदनगरला आसपासच्या उंचवट्यांवरून नहरींनी, खापराच्या नळांनी पाणी आणलेले होते. नदीकाठी न वसलेले शहरही पाण्याने भरलेले राहू शकते, हे तरुणपणी रोज पाहिलेला माणूस पुढे उजाड माळावर शहर वसवायला निघतो, यात मला नवल वाटत नाही.

१५७५ च्या सुमारास चंगेजखान मेला आणि त्याच्या विधवेने अंबरला मुक्त केले. पुढची वीस वर्षे तो भाडोत्री शिपाई होता. विजापूरकरांच्या नोकरीत त्याला मलिक ही पदवी मिळाली, पण मन रमले नाही. १५९५ च्या आसपास तो आपले मूठभर स्वार घेऊन निजामशाहीत परतला. तोवर अकबराची नजर दख्खनवर पडलेली होती. १६०० साली चांदबिबी मारली गेली, अहमदनगरचा किल्ला मोगलांच्या हाती पडला आणि निजामशाही संपली असे सर्वांना वाटले. अंबरला वाटले नाही. त्याने राजघराण्यातला एक मुलगा शोधून काढला, परांड्याला त्याला मूर्तजा निजामशहा म्हणून गादीवर बसवले, आपली मुलगी त्याला दिली आणि कारभार स्वतःच्या हाती घेतला. त्याला संतांच्या पंक्तीत बसवण्याचे मात्र कारण नाही. जावई डोईजड झाला तेव्हा त्याला विष घालून दूर केले, असे सांगतात. प्रतिस्पर्धी राजू दख्खनी याला त्याने कैदेत टाकले. सत्तेचे राजकारण तो सत्तेच्याच रीतीने खेळला.

१६१० च्या सुमारास त्याने राजधानीसाठी जागा निवडली ती खाम नदीकाठच्या खडकी गावाची. नावातच खडक. खाम ही पावसाळ्यात फुगणारी आणि उन्हाळ्यात आटणारी नदी. जवळच दौलताबादचा अजिंक्य किल्ला होता, ही लष्करी सोय खरीच. पण याच दौलताबादेत १३२७ साली महंमद तुघलकाने दिल्ली आणून बसवली आणि थोड्याच वर्षांत ती उठवली, त्यामागच्या कारणांत पाण्याची टंचाईही सांगितली जाते. राजधानी हुकूम काढून हलवता येते, पाणी हुकमाने येत नाही. अंबरने क्रम उलटा लावला. लोक बोलावण्याबरोबरच त्याने पाण्याची तजवीज सुरू केली. दरबारातल्या शहाण्यांनी ही कल्पना हसण्यावारी नेली, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, पाणी भडकल दरवाजापर्यंत आले.

ते कसे आले, हे जरा तपशिलाने पाहू, कारण सगळी मख्खी तिथे आहे. शहराच्या उत्तरेला हर्सूल-सावंगीकडे डोंगररांगा आहेत. पावसाचे पाणी तिथल्या मुरमात, भेगाळलेल्या खडकात जिरते आणि उताराने जमिनीखालून सरकत राहते. अंबरच्या कारागिरांनी या झिरप्याच्या वाटेवर, जमिनीच्या पोटात, चुनेगच्चीचा बोगदा बांधला. पाणी आजूबाजूच्या थरांतून पाझरून बोगद्यात उतरते. मातीच्या आणि वाळूच्या थरांतून येताना त्याचा गाळ मागे राहतो. वरून झाकलेले असल्यामुळे ऊन लागत नाही, ऊन नाही म्हणून शेवाळ धरत नाही, बाष्प होऊन उडत नाही, आणि गुरे, कपडे, भांडी यांपैकी काही त्यात पडत नाही. वाटेत ठिकठिकाणी उभी विवरे ठेवलेली, ज्यांना आता सगळे मॅनहोल म्हणतात. त्यांतून हवा खेळते, तळाशी गाळ बसतो आणि माणूस आत उतरून साफसफाई करू शकतो. बोगद्याचा उतार इतका बेताचा की पाणी थांबत नाही आणि धावून बांधकाम खातही नाही. शहराजवळ आल्यावर पाणी खापराच्या नळांत शिरते आणि मधूनमधून उभारलेल्या उंच खांबांत चढते. त्यांना इथे बंबे म्हणतात. बंब्यात पाणी चढले की नळात कोंडलेली हवा निघून जाते, जोर आटोक्यात येतो आणि तिथून फाटे फुटून ते हौदांकडे जाते. पंप नाही, मोट नाही, एक बैलसुद्धा नाही.

बँकेच्या नोकरीत मी विहिरींच्या कर्जाची शेकडो प्रकरणे हाताळली. अर्जात विहिरीची खोली, पंपाची अश्वशक्ती, पाणी किती लागेल, जामीन कोण, असे सगळे रकाने असत. तेच पाणी घरात पिण्यासाठी जाणार हे सर्वांना ठाऊक असे, पण ते पिण्याजोगे आहे का, असा रकाना मी कधी पाहिला नाही. पाणी लागले की पेढे वाटले जात. अंबरच्या नहरीत पाणी मिळवणे आणि ते निर्मळ राखणे ही दोन कामे नव्हती. ज्या भिंती पाणी गोळा करत होत्या, त्याच ते झाकतही होत्या.

गंमत पाहा, याच दशकात जगात इतरत्रही हे चालले होते. १६१३ साली लंडनला न्यू रिव्हर नावाचा कालवा काढून लांबून पाणी आणले गेले. काम मोठे होते, पण कालवा उघडा. दूषित पाण्याने कॉलरा होतो हे त्याच लंडनला डॉ. जॉन स्नो यांनी १८५४ साली पटवून द्यायचा प्रयत्न केला, तेव्हाही ते सगळ्यांना पटले नाही. अंबरला जंतू ठाऊक नव्हते. झाकलेले पाणी चांगले, एवढे दख्खनच्या कुठल्याही आजीला ठाऊक असलेले ज्ञान त्याच्या कारागिरांनी शहराच्या मापाने वापरले. आणि खुद्द त्याचा शत्रू काय करत होता? मोगलांचा दख्खनमधला सेनापती अब्दुल रहीम खानखानान, ज्याला आपण दोहे लिहिणारा रहीम म्हणून ओळखतो, त्याच्या अमदानीत त्याच सुमारास बऱ्हाणपूरला सातपुड्याचे पाणी असेच जमिनीखालून आणले गेले. तो कुंडी भंडारा आजही पाहायला मिळतो. एकमेकांच्या फौजा कापणारे हे दोघे पाण्याच्या बाबतीत एकाच शाळेचे विद्यार्थी होते.

नहरीचा आणखी एक गुण आहे आणि तो आजच्या वाचकाने नीट समजून घ्यावा असा आहे. ती रात्रंदिवस वाहते. नळ सतत भरलेला आणि त्यात पाण्याचा दाब असला की भेगेतून पाणी बाहेर झिरपते, बाहेरची घाण आत येत नाही. नळ रिकामा झाला की उलटे होते. दाब गेला की तीच भेग आजूबाजूच्या गटाराचे पाणी आत ओढते आणि पुढच्या पाळीला ते तुमच्या-आमच्या हंड्यात पडते. जायकवाडीचे धरण १९७६ साली लोकार्पण झाले आणि पैठणहून पंपांनी उचललेल्या पाण्यावर हे शहर वाढत गेले. मागणी वाढली, नळ जुने झाले, आणि २०२२ च्या उन्हाळ्यात काही वस्त्यांना आठवड्यातून एकदा पाणी अशी पाळी आली. मधल्या काळात नळ कोरडे. त्याआधी २०१७ च्या नोव्हेंबरात छावणी भागात गॅस्ट्रोची मोठी साथ आली, हजारांवर माणसे आजारी पडली आणि सर्वांचे बोट पिण्याच्या पाण्याकडे गेले. छावणी ही तशी लहान, आटोपशीर वस्ती. पण सांडपाणी शिरायला वस्ती मोठी असावी लागत नाही, एक फुटका सांधा पुरतो.

नहरींचेही पुढे तेच झाले. अंबरच्या नंतर शहरात बारा-चौदा नहरी झाल्या आणि विसाव्या शतकापर्यंत जुन्या वस्त्यांची तहान त्यांच्यावर भागत होती. धरणाचे पाणी आले आणि लोकांचे लक्ष उडाले. मॅनहोल कुठे रस्त्याखाली गेले, कुठे कुणाच्या ओट्याखाली. झाकणे फुटली, शेजारून गटारे गेली. जी वस्तू बंद राहण्यासाठी बांधली होती, ती उघडी पडली.

अंबरच्या हयातीत खडकी झपाट्याने वाढली. मराठा सरदारांनी तिथे पुरे वसवले. मालपुरा, खेलपुरा, परसपुरा, विठापुरा ही नावे मालोजी, खेलोजी, परसोजी, विठोजी यांची आठवण सांगतात. १६१२ च्या सुमारास विजयाची खूण म्हणून भडकल दरवाजा उभा राहिला. जमिनीची प्रतवारी पाहून त्याने लावलेला मलिकंबरी धारा रयतेला दिलासा देणारा ठरला आणि पुढे मराठ्यांच्या राज्यातही त्याचे नाव निघत राहिले. पण मोगल स्वस्थ बसू देणारे नव्हते. १६१६ साली जालन्याकडच्या रोशनगावला अंबरचा पराभव झाला आणि मोगल फौजेने खडकी लुटून जाळली. त्या फौजेचा सेनापती शाहनवाजखान हा खानखानानचाच मुलगा. १६२१ साली शहजादा खुर्रमच्या, म्हणजे पुढच्या शाहजहानच्या, फौजांनी शहर पुन्हा उद्ध्वस्त केले. दोन्ही वेळा माणसे परत आली, घरे पुन्हा उभी राहिली. जळालेल्या गावाकडे माणूस उगीच परतत नाही. वाडे जाळता येतात, डोंगरातून झिरपणारे पाणी जाळता येत नाही.

तिकडे मोगल दरबारात जहांगीरने चित्रकार अबुल हसनकडून एक चित्र काढून घेतले. भाल्यावर टांगलेल्या अंबरच्या मस्तकावर बादशहा बाण सोडतो आहे, असे ते चित्र. रणात जे जमले नाही ते कागदावर उरकून घेतले.

आणि मग १६२४ ची भातवडी. मोगल आणि विजापूरकर एकत्र येऊन अंबरवर चालून आले. वय पंचाहत्तरीच्या घरात. त्याने तलावाचा बांध फोडून शत्रूच्या वाटेवर पाणी सोडले. छावणीचा चिखल झाला, घोडे-तोफा रुतल्या, रसद तुटली आणि दोन मोठ्या सत्तांची फौज एका म्हाताऱ्याने अक्षरशः पाण्यात पाहिली. या लढाईत शहाजीराजांचे भाऊ शरीफजी कामी आले. शहाजीराजांचे नाव झाले ते इथून.

दोनच वर्षांनी, १६२६ च्या मे महिन्यात, मलिक अंबर वारला. जहांगीर त्याला आयुष्यभर शिव्या घालत आला, पण त्याच दरबारचा इतिहासकार मुतमदखान याने त्याच्या मृत्यूनंतर त्याची मनापासून तारीफ नोंदवून ठेवली. खुलताबादला त्याची कबर आहे, जवळच पत्नी करीमा बीबीची. मुलगा फत्तेखान याने खडकीचे नाव फतेहनगर केले, पण बापाचे राज्य त्याला राखता आले नाही. १६३३ साली त्याने दौलताबाद मोगलांच्या स्वाधीन केले आणि तीन वर्षांत निजामशाही बुडाली. १६५३ साली दख्खनचा सुभेदार म्हणून आलेल्या औरंगजेबाने शहराला आपले नाव दिले. २०२३ साली ते बदलून छत्रपती संभाजीनगर झाले.

रविवारी पाणचक्कीवर चांगली गर्दी असते. तिची नहर अंबरची नव्हे, त्याच्या मागून शंभरावर वर्षांनी आलेली. पण विद्या त्याच घराण्यातली. उंच भिंतीवरून पाणी हौदात कोसळत असते आणि लहान मुले ते कुठून येते असे विचारत असतात. बरोबरची मोठी माणसे डोंगराकडे कुठेतरी हात दाखवतात आणि पिशवीतली पाण्याची बाटली काढून मुलांना देतात.