दादासाहेब फाळकेंना सिनेमाचं वेड लागलं कसं?

दादासाहेब फाळके सिनेमाकडे वळले तेव्हा त्यांनी चाळिशी गाठली होती. भागीदारांशी न पटल्याने त्यांनी चांगला चाललेला छपाईचा धंदा सोडला होता. घरात बायको, मुलं आणि पुढे काय, हा प्रश्न.

त्र्यंबकेश्वरला ३० एप्रिल १८७० रोजी जन्मलेल्या धुंडिराज गोविंद फाळके यांनी मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आणि बडोद्याच्या कलाभवनात शिक्षण घेतलं. गोध्र्यात फोटो स्टुडिओ काढला. तिथे प्लेगने पहिली पत्नी आणि मूल गेलं.

१९११ च्या सुमारास मुंबईत त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त होता, पण त्यांना दिसत होते कृष्ण, राम, गोकुळ आणि अयोध्या. आपले देव असे हलताना-चालताना कधी दिसणार, या विचाराने ते अस्वस्थ झाले. पुन्हा गेले ते पत्नी सरस्वतीबाईंना घेऊनच.

मग झपाटल्यासारखं सिनेमे पाहणं सुरू झालं. अपुरी झोप आणि डोळ्यांवरचा ताण इतका वाढला, की काही काळ दृष्टीच गेली. उपचारांनी ती परत आली, पण वेड गेलं नाही. विम्याची पॉलिसी तारण ठेवून १९१२ मध्ये ते लंडनला गेले, तंत्र शिकले आणि विल्यमसन कॅमेरा मागवला.

पैसे देणाऱ्यांना पटवायला त्यांनी लढवलेली शक्कल आजही भन्नाट वाटते. कुंडीत वाटाणा पेरायचा, कॅमेरा हलवायचा नाही आणि थोड्या-थोड्या वेळाने एकेक फ्रेम टिपायची. पडद्यावर रोप मिनिटभरात वाढलेलं दिसे. आजच्या भाषेत टाइम-लॅप्स!

तरीही पैसे कमीच पडले. सरस्वतीबाईंनी दागिने दिले. कच्च्या फिल्मला कडेची भोकं पाडण्याचं किचकट काम त्या अंधारात करत, शिवाय युनिटचा स्वयंपाकही सांभाळत. फाळकेंइतकंच श्रेय त्यांना मिळायला हवं होतं, ते मिळालं नाही.

'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशनमध्ये लागला. स्त्री कलाकार मिळेना म्हणून तारामती झाले हॉटेलात काम करणारे अण्णा साळुंके. रोहिदास झाला फाळकेंचा मुलगा भालचंद्र. ज्या कृष्णासाठी हा खटाटोप सुरू झाला, तो १९१९ च्या 'कालिया मर्दन'मध्ये त्यांची मुलगी मंदाकिनी हिने साकारला.

बोलपट आल्यावर ते मागे पडले. १९३७ चा 'गंगावतरण' हा त्यांचा एकमेव बोलपट. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकमध्ये त्यांचं निधन झालं.