गर्भाशयमुखाच्या कर्करोगाशी झुंजलेले डॉ. सुबोध मित्र

कोलकाता : गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील एका शस्त्रक्रियेला ज्यांचे नाव जोडले गेले, त्या डॉ. सुबोध मित्र यांचे नाव आज बंगालबाहेर फारसे घेतले जात नाही. एचआयव्हीबाधित स्त्रियांना याच कर्करोगाचा धोका अधिक असल्याने त्यांच्या कार्याचे स्मरण अगत्याचे ठरते.

मित्र यांचा जन्म १८९६ चा. वैद्यकाचे उच्च शिक्षण युरोपात घेऊन ते कोलकात्यास परतले. देशबंधू चित्तरंजन दास यांनी दान केलेल्या वास्तूत १९२६ साली स्त्रियांसाठी चित्तरंजन सेवासदन सुरू झाले होते. तेच मित्र यांचे कार्यक्षेत्र बनले.

हा कर्करोग लसिकाग्रंथींवाटे पसरतो. व्हिएन्नाचे शल्यविशारद शाउटा यांच्या पद्धतीत योनिमार्गाने गर्भाशय काढले जाई. परंतु श्रोणीभागातील ग्रंथी मागे राहत. मित्र यांनी ही उणीव दूर केली. उदरावरण न उघडता त्या ग्रंथी काढण्याची जोड त्यांनी दिली. ही पद्धत ‘मित्र शस्त्रक्रिया’ म्हणून ओळखली गेली.

त्यांच्या प्रयत्नांतून उभ्या राहिलेल्या चित्तरंजन कर्करोग रुग्णालयाचे उद्घाटन २ जानेवारी १९५० रोजी नोबेलविजेत्या इरीन जोलिओ-क्युरी यांच्या हस्ते झाले. पुढे मित्र कलकत्ता विद्यापीठाचे कुलगुरू झाले. १९६१ मध्ये, शाउटांच्याच व्हिएन्ना नगरीत, त्यांचे निधन झाले. त्यांचे रुग्णालय १९८७ साली चित्तरंजन राष्ट्रीय कर्करोग संस्थेत विलीन झाले.

त्यापूर्वीच्या वर्षी, १९८६ मध्ये, भारतात एचआयव्हीचे पहिले रुग्ण आढळले होते. व्हिएन्नातच १८७२ साली कापोसी यांनी वर्णिलेला त्वचेचा दुर्मीळ कर्करोग एव्हाना एड्सची खूण ठरला होता. भारतात तो क्वचितच दिसतो. येथील बाधित स्त्रियांपुढील मोठे संकट गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे आहे. अमेरिकेने १९९३ मध्ये त्याचाही समावेश एड्सनिदर्शक आजारांत केला. प्रतिकारशक्ती क्षीण झाल्याने एचपीव्ही विषाणूचा संसर्ग शरीरात टिकून राहतो व हा कर्करोग उद्भवतो. बाधित स्त्रियांत त्याचा धोका सुमारे सहापट असतो.

मित्र यांच्या काळी शस्त्रक्रिया हा प्रमुख आधार होता. आता एचपीव्ही चाचणीने कर्करोगपूर्व बदलांचा माग काढून वेळीच उपचार करता येतात. बाधित स्त्रियांनी पंचविशीपासून दर तीन ते पाच वर्षांनी ही तपासणी करावी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे.