पंडिता रमाबाई: शास्त्राचे मानवी हात

वेदांना कोणी मनुष्य कर्ता नाही, ते अपौरुषेय आहेत, अशी श्रद्धा असलेल्या घरात पंडिता रमाबाईंचे बालपण गेले. आयुष्याचा अखेरचा मोठा काळ मात्र त्यांनी अशा ग्रंथाला दिला, जो माणसांनीच लिहिला असे त्याचे अनुयायी उघडपणे सांगतात आणि तरीही त्याला ईश्वराचा शब्द मानतात.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, कर्नाटकातील गंगामूळच्या अरण्यातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी समाजाचा रोष पत्करून पत्नीला संस्कृत शिकवले आणि त्या माउलीने ते लेकीला दिले. तीर्थक्षेत्रांतून पुराणे सांगत हे कुटुंब फिरत राहिले. १८७० च्या दशकातील दुष्काळात आई, वडील आणि थोरली बहीण गेली. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने आलेल्या पाण्याची वाट पाहणाऱ्या लातूरकरांना दुष्काळाची धग निराळी सांगायला नको. पण तो दुष्काळ अन्नाचाही होता. भाऊ श्रीनिवास यांच्यासह रमाबाई पायपीट करीत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचल्या. तेथील विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. गंमत अशी, की केशवचंद्र सेन यांनी वेदाची प्रत हाती ठेवली तेव्हा ही सरस्वती कचरली. स्त्रीला वेदाचा अधिकार नाही, हेच तिला शिकवलेले होते.

पुढे बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह झाला आणि त्या सिल्चरला गेल्या. तेथे घरातल्या पुस्तकांत त्यांना लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली पुस्तिका सापडली. हा योगायोग अर्थपूर्ण वाटतो. लूक आरंभीच सांगतो, की आपल्याआधी अनेकांनी हे वृत्तान्त लिहिले आहेत आणि आपण सर्व गोष्टींचा शोध घेऊन लिहीत आहोत. परंपरेने हा लेखक वैद्य मानला जातो. ख्रिस्ती श्रद्धेनुसार बायबलचे लेखक केवळ लेखणिक नव्हते. स्तोत्रकर्त्याचा आक्रोश त्याचाच, पौलाच्या पत्रांतला संताप पौलाचाच. प्रेरणा मात्र ईश्वराची. मानवी लेखकही खरेच लेखक होत, असे रोमन कॅथलिक चर्चने १९६५ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत नमूद केले. हे दुहेरी कर्तृत्व नेमके कसे, यावर ख्रिस्ती पंथांत आजही एकमत नाही.

१८८२ मध्ये वैधव्य आले. तान्ह्या मनोरमेला घेऊन रमाबाई पुण्यात आल्या, पुढच्या वर्षी इंग्लंडला गेल्या आणि सप्टेंबर १८८३ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मात्र एका पुरोहितशाहीतून निघून दुसरीपुढे मान तुकवणे त्यांच्या स्वभावात नव्हते. चर्चचे अधिकारी सांगतील तो सिद्धान्त मुकाट्याने मानण्यास त्यांनी नकार दिला. ग्रंथ आपण स्वतः वाचणार, हा त्यांचा हट्ट होता. इंग्लंडमधील ख्रिस्ती हितचिंतकही त्यामुळे दुखावले आणि पुण्यातले सुधारक धर्मांतराने आधीच दुरावले होते.

पुणे जिल्ह्यातील केडगावच्या मुक्ती सदनात दुष्काळातून सोडवून आणलेल्या शेकडो मुली आणि विधवा होत्या. मराठीत बायबल तेव्हा नवे नव्हते. विल्यम केरी यांच्या श्रीरामपूर मिशनने १८११ मध्येच नवा करार छापला होता. पण प्रचलित भाषांतराची संस्कृतप्रचुर भाषा या बायकांच्या डोक्यावरून जाते, शिवाय त्यातल्या कित्येक शब्दांना हिंदू तत्त्वज्ञानाचे अर्थ चिकटलेले आहेत, असे रमाबाईंना वाटे. म्हणून त्यांनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक या भाषा शिकून संपूर्ण बायबल नव्याने मराठीत आणायला घेतले. अठरा हजार श्लोकांचे भागवत ज्यांना मुखोद्गत होते, त्यांनीच संस्कृत शब्द वेचून बाजूला काढावेत! मूळ लेखक मच्छीमार, मेंढपाळ, जकातदार असतील, तर त्यांचे बोलणे चुलीपुढच्या बाईला कळायलाच हवे, हा त्यामागचा सरळ तर्क दिसतो. मुळाला घट्ट धरून राहण्याच्या आग्रहाने हे भाषांतर काही ठिकाणी ओबडधोबड झाले, हा आक्षेप रास्त आहे. चर्चच्या उपासनेतही बायबल सोसायटीचीच आवृत्ती रूढ राहिली.

जुलै १८८१ पूर्वी जन्मलेली, आईच्या कार्याची वारस ठरलेली मनोरमा जुलै १९२१ मध्ये गेली. खंगलेल्या रमाबाई तरीही मुद्रिते तपासत राहिल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले. मुक्तीच्या छापखान्यात तिथल्याच मुलींनी खिळे जुळवलेले त्यांचे संपूर्ण बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.