ज्ञानप्रसारक सभेचे पहिले अध्यक्ष : दादोबा पांडुरंग

दादोबा पांडुरंग तर्खडकर म्हटले की आपल्याला व्याकरण आठवते. 'मराठी भाषेचे पाणिनी' हे बिरुद त्यांच्या नावाला इतके चिकटले आहे की, त्यांच्या आयुष्यातील दुसरे एक महत्त्वाचे कार्य त्याच्याआड झाकले गेले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मुंबईच्या विद्यार्थ्यांनी मराठीतून ज्ञानाची देवघेव करण्यासाठी जी सभा काढली, तिचे पहिले अध्यक्ष दादोबा होते.

दादोबांचा जन्म ९ मे १८१४ रोजी मुंबईत झाला. शिक्षणही तेथेच झाले. नव्या इंग्रजी विद्येबरोबर संस्कृताचाही त्यांनी व्यासंग केला. त्या काळी मराठीचे व्याकरण नव्हते असे नाही. कॅरीसाहेबाचे व्याकरण १८०५ मध्येच छापले गेले होते. पण ते इंग्रजीत होते आणि परकीयांना मराठी शिकता यावी म्हणून लिहिलेले होते. मराठी माणसाने आपली भाषा नियमांनिशी समजून घ्यावी, या हेतूने दादोबांनी १८३६ मध्ये 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' प्रसिद्ध केले. तेव्हा त्यांचे वय अवघे बावीस वर्षांचे होते. ग्रंथ लिहून ते थांबले नाहीत. पुढील आवृत्त्यांत त्यांनी त्याची सुधारणा केली, १८६५ मध्ये मुलांसाठी लघुव्याकरण लिहिले आणि मृत्यूच्या आदल्या वर्षी, १८८१ मध्ये, मूळ व्याकरणाला पूरणिका जोडली.

उपजीविकेसाठी दादोबांना बरेच फिरावे लागले. माळव्यातील जावरा संस्थानाच्या नबाबाचे ते काही काळ शिक्षक होते. त्यानंतर सुरतेच्या इंग्रजी शाळेत त्यांनी नोकरी केली. तेथे दुर्गाराम मंछाराम मेहताजी आणि इतर स्नेह्यांच्या साहाय्याने त्यांनी १८४४ मध्ये 'मानवधर्म सभा' काढली. तिच्या सभा उघडपणे भरत. जातिभेदावर तेथे चर्चा होई आणि मंत्रतंत्राचा दावा करणाऱ्यांना आपली विद्या सर्वांसमक्ष सिद्ध करून दाखविण्याचे आव्हान दिले जाई. १८४६ मध्ये दादोबा मुंबईस परतले आणि शिक्षक तयार करणाऱ्या 'नॉर्मल क्लास'चे प्रमुख झाले.

त्यानंतर दोनच वर्षांनी, जून १८४८ मध्ये, एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमधील प्राध्यापक आणि विद्यार्थी यांनी 'स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी' स्थापन केली. तरुण दादाभाई नौरोजी त्या मंडळींपैकीच एक होते. सोसायटीचे काम इंग्रजीतून चाले. परंतु इंग्रजी न जाणणाऱ्या समाजाला त्याचा काय उपयोग, हा प्रश्न लौकरच पुढे आला आणि त्याच वर्षी तिच्या मराठी व गुजराती शाखा निघाल्या. मराठी शाखा म्हणजेच 'उपयुक्त ज्ञानप्रसारक सभा'. तिचे अध्यक्षपद दादोबांकडे आले. ज्याने भाषेचे नियम बांधले, त्याच्याच नेतृत्वाखाली त्या भाषेतून नवी विद्या सांगण्याचा प्रयोग सुरू व्हावा, हा मोठा औचित्याचा योग होता.

सभेचे काम दिसायला साधे होते. सभासदांनी निबंध लिहावा, तो सभेत वाचावा आणि इतरांनी त्यावर बोलावे. परंतु ज्या भाषेत शास्त्रीय विषयांचे शब्दच रुळलेले नव्हते, तिच्यात असा निबंध लिहिणे म्हणजे नव्या वाटेने चालणे होते. एप्रिल १८५० पासून 'मराठी ज्ञानप्रसारक' हे मासिक निघू लागले आणि सभागृहात उच्चारलेले विचार गावोगावच्या वाचकांपर्यंत जाऊ लागले. हे मासिक १८६७ पर्यंत चालले. मूळ सोसायटीच्या तरुणांनी १८४९ मध्ये मुलींच्या शाळा काढल्या आणि आपला वेळ देऊन त्या चालविल्या.

याच सुमारास दादोबा आणखी एका सभेत गुंतले होते. १८४९ च्या सुमारास निघालेल्या 'परमहंस सभे'च्या संस्थापकांत त्यांचे स्थान प्रमुख होते. जातिभेद मोडावा आणि एका ईश्वराची उपासना करावी, हे तिचे तत्त्व. मात्र तिचे सारे काम गुप्तपणे चाले. जातीने वाळीत टाकण्याची शिक्षा त्या काळी फार जबर होती, हे लक्षात घेतले म्हणजे या गुप्ततेचे कारण कळते. स्वतः दादोबांनीही 'धर्मविवेचन' हा ग्रंथ १८४३ च्या सुमारास लिहून ठेवला, पण तो छापला गेला १८६८ मध्ये, आणि तोही लेखकाचे नाव न घालता. पुढे १८६० च्या सुमारास परमहंस सभेची कागदपत्रे चोरीस गेली. सभासदांची नावे उघड होणार या धास्तीने ती सभा मोडली.

१८५२ मध्ये दादोबांची अहमदनगरला डेप्युटी कलेक्टर म्हणून नेमणूक झाली. १८५७ च्या धामधुमीत भिल्लांचे बंड मोडण्याच्या कामगिरीबद्दल सरकारने त्यांना 'रावबहादुर' हा किताब दिला. सेवानिवृत्तीनंतर ते पुन्हा ग्रंथलेखनाकडे वळले. मोरोपंतांच्या 'केकावली'वर त्यांनी 'यशोदा पांडुरंगी' ही टीका लिहिली. १७ ऑक्टोबर १८८२ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांचे आत्मचरित्र अ. का. प्रियोळकर यांनी १९४७ मध्ये प्रसिद्ध केले. पण त्यातील हकीकत सभेच्या स्थापनेपूर्वीच संपते. आपल्या अध्यक्षपदाविषयी दादोबांनी त्यात काहीच सांगितलेले नाही. त्या कारकिर्दीचे मोल आपल्याला तिच्या फळांवरूनच करावे लागते.

ते करताना दोन्ही सभा शेजारी ठेवून पाहाव्यात. परमहंस सभेचे विचार अधिक धाडसाचे होते, पण नावे फुटण्याच्या भीतीनेच ती संपली. ज्ञानप्रसारक सभेने एवढी मोठी झेप घेतली नाही, परंतु जे बोलायचे ते उघड बोलले आणि छापले. म्हणून अध्यक्ष नगरला गेल्यावरही तिचे मासिक पंधरा वर्षे चालू राहिले. हा धडा पुढच्या मंडळींनी घेतला असावा. १८६७ मध्ये प्रार्थना समाज निघाला तो उघडपणे, आणि त्याचे पहिले अध्यक्ष झाले दादोबांचे धाकटे बंधू डॉ. आत्माराम पांडुरंग.

आपल्या महाविद्यालयांतही वाङ्मय मंडळे असतात, चर्चा मंडळे असतात. दर वर्षी अध्यक्ष निवडले जातात, हारतुरे होतात आणि वर्ष संपते. अशा वेळी दादोबांच्या त्या चार वर्षांची आठवण ठेवावी. मंडळात वाचलेला एखादा निबंध भिंतीबाहेर गेला का, आणि आपण नसतानाही मंडळ चालेल का, एवढे दोन प्रश्न प्रत्येक अध्यक्षाने स्वतःला विचारावेत.