रविवारच्या सुट्टीसाठी लढलेले नारायण मेघाजी लोखंडे

नाशिक : सिन्नर, दिंडोरी, इगतपुरीच्या गावांतून सातपूर-अंबडच्या कारखान्यांत जाणाऱ्या कामगारांना आठवड्याची सुट्टी आज हक्काची वाटते. मुंबईच्या गिरणी कामगारांना एकेकाळी तीही नव्हती. ती मिळवून देण्यात पुढे होते नारायण मेघाजी लोखंडे.

त्यांचा जन्म १८४८ साली ठाण्यात झाला. रेल्वे आणि टपाल खात्यात नोकरी केल्यावर ते मुंबईत मांडवीच्या गिरणीत स्टोअरकीपर झाले. कामगारांचे हाल तिथं रोज डोळ्यांसमोर होते. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक विचारांचे लोखंडे १८८० पासून 'दीनबंधू' वृत्तपत्र चालवू लागले आणि गिरणीतली गाऱ्हाणी छापू लागले.

सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी कामगारांच्या सभा घेतल्या. रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, पगार वेळेवर, काम करताना जखमी झाल्यास भरपाई, अशा मागण्या ठरल्या. अर्जावर साडेपाच हजार सह्या झाल्या. मालकांनी लगेच दाद दिली नाही, पण लोखंडे मागे हटले नाहीत.

२४ एप्रिल १८९० च्या सभेला दहा हजार कामगार जमले, दोन बायकाही बोलल्या. अखेर १० जून १८९० ला गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली.

त्यांच्या 'बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन'ला ना वर्गणी होती, ना निधी. प्रतिनिधी म्हणून त्यांचं बळ एकच, कामगारांनी विश्वासानं केलेल्या सह्या.

१८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करताना त्यांनाच लागण झाली. ९ फेब्रुवारीला ते गेले. रविवार मात्र कामगारांचा झाला.