जनार्दन नवले : भारताचे पहिले यष्टिरक्षक

मधल्या सुटीत आपल्या शाळेच्या मैदानावर क्रिकेटचा डाव मांडला जातो, तेव्हा एक गोष्ट नेहमी दृष्टीस पडते. प्रत्येकाला आधी बॅट हवी असते. ती न मिळाल्यास निदान चेंडू तरी हवा असतो. यष्ट्यांमागे उभे राहावयास मात्र कोणी आनंदाने पुढे येत नाही. शेवटी एखाद्या गरीब स्वभावाच्या मुलास ते काम दिले जाते. त्याने वीस चेंडू अडविले तर ते कोणाच्या ध्यानातही येत नाही. पण एकविसावा सुटला की सारे त्याच्यावर ओरडतात. अशा या उपेक्षित जागेवर उभे राहून ज्यांनी भारताच्या क्रिकेट-इतिहासात पहिले स्थान मिळविले, त्या जनार्दन ज्ञानोबा नवले यांचा हा अल्प परिचय आहे.

नवले यांचा जन्म 7 डिसेंबर 1902 रोजी महाराष्ट्रातील फुलगाव येथे झाला. त्या काळी भारतातील क्रिकेटचे सर्वांत मोठे सामने म्हणजे मुंबईचे चौरंगी सामने. युरोपियन, पारशी, हिंदू आणि मुसलमान असे चार संघ त्यांत भाग घेत, आणि ते पाहण्यास सारी मुंबई लोटत असे. नवले हिंदू संघातर्फे मैदानात उतरले तेव्हा ते अवघ्या पंधरा-सोळा वर्षांचे, म्हणजे तुमच्याच वयाचे होते. तेथून पुढे सुमारे पंचवीस वर्षे त्यांनी वरच्या दर्जाचे क्रिकेट खेळले.

यष्टिरक्षकाचे काम किती कठीण असते, याचा थोडा विचार करा. फलंदाज बाद झाला की तंबूत जाऊन विसावतो. गोलंदाजाला सहा चेंडूंनंतर उसंत मिळते. परंतु यष्टिरक्षकाला डावातील प्रत्येक चेंडूसाठी खाली बसावे आणि उठावे लागते. प्रत्येक चेंडू आपल्याकडे येणारच, असे मानून त्याला सज्ज राहावे लागते. वेगवान गोलंदाजापुढे तो दूर उभा राहतो. फिरकी गोलंदाज आला की यष्ट्यांना अगदी खेटून उभा राहतो आणि फलंदाजाचा पाय क्षणभर रेषेबाहेर पडताच यष्ट्या उडवितो. त्या काळचे हातमोजे आजच्यासारखे नव्हते, आणि डोक्यावर शिरस्त्राण घालण्याची पद्धतही नव्हती. अमेरिकेतील बेसबॉल या खेळात चेंडू झेलण्यासाठी फलंदाजाच्या मागे बसणारा खेळाडू तोंडावर जाळीचा मुखवटा व छातीवर चिलखत बांधतो. आपल्या यष्टिरक्षकाला मात्र डोळ्यांच्या आणि हातांच्या चपळाईवरच विसंबावे लागे. ही चपळाई नवले यांच्या अंगी पुरेपूर होती.

1928 मध्ये भारतीय क्रिकेट नियामक मंडळ स्थापन झाले आणि 1932 च्या उन्हाळ्यात भारताचा संघ इंग्लंडला गेला. संघाचे नेतृत्व पोरबंदरच्या महाराजांकडे होते. परंतु कसोटी सामन्याच्या वेळी ते स्वतः बाजूला राहिले आणि कर्नल सी. के. नायडू कर्णधार झाले. 25 जून 1932 रोजी लंडनमधील लॉर्ड्सच्या मैदानावर भारताचा पहिला कसोटी सामना सुरू झाला. इंग्लंडची फलंदाजी प्रथम होती. महंमद निसार यांच्या भेदक माऱ्यामुळे आणि एका धावचीतीमुळे इंग्लंडची अवस्था 3 बाद 19 अशी झाली. पुढे इंग्लंडचे कर्णधार जार्डिन यांनी चिवटपणे खेळून 79 धावा काढल्या. त्यांचा डाव संपविला तो नायडूंच्या गोलंदाजीवर नवले यांनी घेतलेल्या झेलाने. कसोटी सामन्यात भारतीय यष्टिरक्षकाने टिपलेला हा पहिला झेल होय.

इंग्लंडचा डाव 259 धावांवर संपला. त्या वेळेपर्यंत प्रत्येक चेंडूला उठबस करून थकलेल्या नवले यांना विश्रांती मिळाली नाही. दोन डावांमधील अल्पशा अवकाशात हातमोजे बदलून, नाऊमल जाऊमल यांच्यासमवेत ते सलामीला आले. कसोटीत भारतातर्फे पहिला चेंडू खेळण्याचा मान असा त्यांच्याकडे गेला. या जोडीने 39 धावांची भागी केली. नवले 12 धावा काढून बोज यांच्या चेंडूवर त्रिफळाचीत झाले. दुसऱ्या डावात त्यांनी 13 धावा केल्या. भारताने तो सामना 158 धावांनी गमावला.

पुढच्याच वर्षी, डिसेंबर 1933 मध्ये, मुंबईच्या जिमखाना मैदानावर भारतभूमीवरील पहिला कसोटी सामना झाला. लाला अमरनाथ यांच्या 118 धावांनी तो गाजला. नवले यांनी त्यात 13 आणि 4 धावा केल्या. हाच त्यांचा शेवटचा कसोटी सामना ठरला. पुढील कसोटीत यष्ट्यांमागे दिलावर हुसेन उभे राहिले. दोन कसोटी सामने, 42 धावा आणि एक झेल, एवढाच त्यांचा हिशेब पुस्तकात नोंदलेला आहे. परंतु प्रथम श्रेणीच्या 65 सामन्यांत त्यांनी सुमारे दोन हजार धावा केल्या आणि शंभराहून अधिक फलंदाजांना यष्ट्यांमागून तंबूत धाडले.

त्या काळी खेळावर कोणाचा चरितार्थ चालत नसे. एखाद्या संस्थानिकाचा आश्रय लाभला तर ठीक. नाही तर खेळाचे दिवस सरले की खेळाडूला पोटासाठी दुसरा मार्ग शोधावा लागे. भारतातर्फे पहिला चेंडू खेळलेल्या या गृहस्थाने उतारवयात एका साखर कारखान्यात पहारेकऱ्याची नोकरी केली, आणि पुण्यात दोन खोल्यांच्या घरात दिवस काढले. 7 सप्टेंबर 1979 रोजी पुण्यातच त्यांचे निधन झाले. अशा खेळाडूला उतारवयात असे दिवस काढावे लागले, याची खंत आपल्या मनाला वाटली पाहिजे. ज्यांच्या खांद्यावर उभे राहून पुढच्या पिढ्या मोठ्या होतात, त्यांची वृद्धापकाळी विचारपूस करणे हे समाजाचे कर्तव्य आहे.

आपले हैदराबादही क्रिकेटचे जुने माहेरघर आहे. मोइनुद्दौला सुवर्णचषकाच्या सामन्यांनी सिकंदराबादचे जिमखाना मैदान गजबजत असे. 1971 मध्ये वेस्ट इंडीजमध्ये भारताने प्रथमच मालिका जिंकली, तेव्हा पाचही कसोटींत यष्ट्यांमागे उभे होते ते आपल्या हैदराबादचेच पी. कृष्णमूर्ती. नवले यांनी ज्या जागेचा पाया घातला, तीच जागा त्यांनी सांभाळली.

मुलांनो, घरातही असा एखादा यष्टिरक्षक असतोच. सर्वांच्या आधी उठणारी आई, महिनाअखेरीची ओढाताण कोणाला न सांगता निभावणारे वडील; त्यांनी अडविलेल्या संकटांची मोजदाद कोणत्याही वहीत होत नाही. पुढच्या वेळी मैदानावर तुमच्या वाट्याला यष्ट्यांमागची जागा आली, तर तोंड वाकडे करू नका. आणि ती दुसऱ्याच्या वाट्याला आली, तर सुटलेल्या एका चेंडूबद्दल त्याला बोल लावण्याआधी अडविलेले वीस चेंडू आठवा.