बाबासाहेब आंबेडकर आणि संविधाननिर्मिती

डॉ. भीमराव रामजी आंबेडकर (१४ एप्रिल, १८९१ - ६ डिसेंबर, १९५६) हे भारतीय कायदेपंडित, अर्थशास्त्रज्ञ व समाजसुधारक आणि संविधान सभेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष होते. प्रस्तुत लेखात त्यांच्या संविधानविषयक कार्याचा, तसेच त्या काळी हैदराबाद संस्थानातील परभणी जिल्ह्यात मोडणाऱ्या हिंगोली परिसराला हे संविधान कसे लागू झाले याचा परामर्श घेतला आहे.

पूर्वपीठिका

आंबेडकरांचा जन्म महू येथे झाला. त्यांचे वडील रामजी सकपाळ लष्करात सुभेदार होते. घराण्याचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे. कोलंबिया विद्यापीठ, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि ग्रेज इन येथे त्यांनी उच्च शिक्षण घेतले. मताधिकाराच्या प्रश्नावर त्यांनी १९१९ मध्येच साउथबरो समितीपुढे साक्ष दिली होती. सायमन आयोग व गोलमेज परिषदांतही त्यांनी अस्पृश्यांची बाजू मांडली. घटनाशास्त्र हा त्यांच्या दृष्टीने केवळ ग्रंथांतला विषय नव्हता. १९२७ मध्ये महाडच्या चवदार तळ्यावर त्यांनी पाण्याच्या हक्कासाठी सत्याग्रह केला. १९३४ मध्ये निजामाच्या मुलखातील दौलताबादचा किल्ला पाहण्यास ते सहकाऱ्यांसह गेले असता, तेथील हौदाच्या पाण्याने हातपाय धुतले म्हणून त्यांना जमावाच्या रोषास तोंड द्यावे लागले. अखेर किल्ल्यात कोठेही पाण्याला स्पर्श करायचा नाही, या अटीवरच त्यांना आत सोडण्यात आले आणि बरोबर एक सशस्त्र शिपाई देण्यात आला.

संविधान सभेत प्रवेश

१९४६ मध्ये मुंबई प्रांतातून निवडून येण्याइतके पाठबळ त्यांच्या पक्षाकडे नव्हते. जोगेंद्रनाथ मंडल यांच्या साहाय्याने ते बंगालमधून सभेवर निवडून गेले. फाळणीमुळे ती जागा गेली. तोपर्यंत त्यांच्या कामाची छाप सभागृहावर पडली होती, त्यामुळे बॅ. मु. रा. जयकर यांच्या राजीनाम्याने रिकाम्या झालेल्या मुंबईच्या जागेवर, राजेंद्रप्रसादांच्या आग्रहावरून, जुलै १९४७ मध्ये काँग्रेसनेच आपल्या या कठोर टीकाकाराला निवडून आणले. ते स्वतंत्र भारताचे पहिले कायदामंत्री झाले. २९ ऑगस्ट १९४७ रोजी सात सदस्यांची मसुदा समिती नेमली गेली व तिचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले.

मसुदा

प्रारंभिक आराखडा घटनात्मक सल्लागार बेनेगल नरसिंह राव यांनी तयार केला होता आणि त्याचे श्रेय आंबेडकरांनी पुढे सभागृहात जाहीरपणे दिले. तरीही त्यानंतरचा भार मुख्यतः त्यांच्यावरच पडला. समितीच्या एका सदस्याने राजीनामा दिला, एकाचे निधन झाले, एक अमेरिकेत होते, एक संस्थानी कारभारात गुंतले होते, तर एकदोघे प्रकृतीमुळे दिल्लीपासून दूर होते. टी. टी. कृष्णम्माचारी यांनी ५ नोव्हेंबर १९४८ रोजी ही वस्तुस्थिती सभेपुढे ठेवली. आंबेडकर स्वतः मधुमेहाने त्रस्त होते, ही गोष्ट या संदर्भात विसरता येत नाही.

फेब्रुवारी १९४८ मध्ये ३१५ कलमांचा मसुदा प्रसिद्ध झाला. त्यावर ७,६३५ दुरुस्त्या सुचविल्या गेल्या व २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. प्रत्येक कलमावर बहुधा आंबेडकरांनीच उत्तर दिले. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी अस्पृश्यता नष्ट करणारे कलम संमत झाले; अंतिम संविधानात ते १७ वे आहे. विहिरी, तलाव व स्नानाचे घाट यांच्या वापरात भेदभाव करण्यास मनाई १५ व्या कलमात आहे. महाड आणि दौलताबाद ठाऊक असणाऱ्याला या शब्दांची निवड सहज कळते. २५ नोव्हेंबर १९४९ च्या समारोपाच्या भाषणात त्यांनी व्यक्तिपूजेविरुद्ध इशारा दिला आणि राजकीय समता मिळूनही सामाजिक व आर्थिक विषमता उरणार असल्याचे स्पष्ट केले. दुसऱ्या दिवशी ३९५ कलमांचे संविधान स्वीकृत झाले.

हिंगोली परिसर व संविधान

ही चर्चा चालू असताना हिंगोली, कळमनुरी, वसमत या भागाच्या वतीने बोलणारा कोणीही सभागृहात नव्हता. हैदराबाद संस्थान आरंभी भारतात सामील झाले नाही. सप्टेंबर १९४८ मधील पोलीस कारवाईनंतरही संस्थानाच्या वाट्याच्या जागा भरल्या गेल्या नाहीत. नोव्हेंबर १९४९ मध्ये निजामाने फर्मान काढून भारताचे संविधान मान्य केले. ज्या प्रजेला प्रौढ मताधिकार कधीच मिळाला नव्हता, तिला तो अशा रीतीने शेवटी एका राजाज्ञेच्या वाटेने मिळाला. २६ जानेवारी १९५० पासून संविधान येथेही अंमलात आले आणि पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत येथील प्रौढ स्त्रीपुरुषांनी मतदान केले.

उत्तरकाल

जून १९५० मध्ये आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत महाविद्यालय काढले. पुढे ते मिलिंद महाविद्यालय म्हणून प्रसिद्ध झाले. उच्च शिक्षणाची साधने तुटपुंजी असलेल्या मराठवाड्यातील दलित विद्यार्थ्यांना त्याचा मोठा आधार झाला. हिंदू संहिता विधेयक रखडल्यामुळे सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. पुढील निवडणुकीत उत्तर मुंबईतून ते पराभूत झाले आणि राज्यसभेवर गेले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचनेनुसार हैदराबाद राज्य संपुष्टात आले व परभणी जिल्ह्यासह हिंगोली मुंबई राज्यात आली. त्यानंतर पाच आठवड्यांनी दिल्लीत त्यांचे महापरिनिर्वाण झाले.